माशांना वास येतो काय?

न्यायशास्त्राचा आरंभींचा पाठ ज्यांनीं केला आहे त्यांना ठाऊकच असेल कीं, पंचमहाभूतांपैकीं गंध हा एकट्या पृथ्वीचा विशेष गुण मानिलेला आहे. जलाच्या ठिकाणीं रूप, रस, स्पर्श हे गुण आहेत. गंध मात्र त्याला स्वतःचा नाहीं. पाण्याला सुवास किंवा दुर्गंध येतो तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव कणांचा होय, असें शास्त्रकारांचें म्हणणें. हा सिद्धांत आम्हीं लहानपणीं घोकला, पुढें शाळेंत मुलांना शिकवितांना प्रसंगोपात्त सांगितला, आणि त्याच्याच आधारानें एकदां एका विद्यार्थ्याला भर वर्गांत गप्प बसविलें. त्या प्रसंगाची हकीकत प्रथम सांगतों. कारण प्रस्तुत लेख लिहिण्याची बुद्धि तिच्यामुळेंच झाली.

कृष्णाकांठच्या एका गांवीं आम्ही शिक्षक होतों. गोष्ट सुमारें ३५ वर्षांपूर्वींची. सातवीच्या वर्गांत पंचज्ञानेंद्रियें व त्यांचे विषय हा भाग चालला होता. "मत्स्य पाण्यांत राहतो, पाण्याला स्वतःचा गंध नाहीं, आणि श्वास तर तो कल्ल्यांनीं घेतो. मग त्याला नाकाचें प्रयोजन काय?" असें आम्ही मोठ्या आत्मविश्वासानें म्हणालों. तोंच मागल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो भोयांच्या घरचा. वडिलोपार्जित धंदा मासेमारीचा. "गुरुजी, माशाला वास येतो. आमचे आजोबा म्हणतात, गळाला लागलेला मासा जखमी होऊन निसटला, कीं त्या डोहांत त्या दिवशीं पुन्हा गळ टाकूं नये. बाकीचे मासे भिऊन निघून जातात." वर्ग हंसला; आम्हीहि हंसलों. "अरे, निसटलेला मासा काय इतरांच्या कानांत जाऊन सांगतो?" असें म्हणून आम्हीं त्याला खालीं बसविलें. तो निमूटपणें बसला. त्यानंतर त्या मुलानें आम्हांला वर्गांत कधीं प्रश्न विचारल्याचें आठवत नाहीं.

सेवानिवृत्त झाल्यावर नातवाच्या अभ्यासाच्या निमित्तानें प्राणिशास्त्राचीं पुस्तकें चाळूं लागलों, आणि त्या मुलाचे आजोबा बरोबर होते व आम्ही चुकलों होतों, हें वाचून थक्क झालों. जें त्या वृद्धानें डोहाच्या कांठीं बसून जाणलें होतें, तेंच युरोपांतील एका थोर पंडितानें १९३८ सालीं प्रयोगानें सिद्ध केलें होतें. आम्हीं तें शिकवावयास सुरुवात करण्यापूर्वीं कित्येक वर्षें तें छापून प्रसिद्ध झालेलें होतें!

प्रथम माशाच्या नाकाकडे वळूं. आमचे सारस्वत वाचक सोडल्यास मासा हातांत धरून पाहणारे आमच्या वाचकांत थोडेच असतील; परंतु कांचेच्या पेटींत सोनेरी मासे पाळणारीं घरें आतां पुष्कळ आहेत. त्या माशाच्या तोंडावर, डोळ्यांच्या किंचित् पुढें, दोन्ही बाजूंस लहानशा खांचा दिसतील. बहुतेक माशांत ह्या प्रत्येक खांचेला पुढें एक व मागें एक अशीं दोन छिद्रें असतात. मासा पोहूं लागला कीं पुढच्या छिद्रानें पाणी आंत शिरतें व मागच्यानें बाहेर पडतें. आपलें नाक घशाशीं जोडलेलें असतें, कारण त्याला श्वासाचेंहि काम आहे. बहुतेक माशांचें नाक घशाशीं मुळींच जोडलेलें नसतें. म्हणजे आपलें नाक दोन धन्यांचा चाकर, तर माशाचें एकाच धन्याचा. वास घेणें ह्यावांचून त्याला दुसरें कामच नाहीं. ज्या इंद्रियाचें प्रयोजन काय म्हणून आम्हीं विचारलें, तें केवळ गंधासाठींच घडविलेलें आहे!

त्या खांचेच्या आंत पातळ पडद्यांच्या घड्या फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें मांडलेल्या असतात. थोड्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग मावावा अशी ही योजना होय. ह्या पाकळ्यांवर गंध ओळखणाऱ्या असंख्य सूक्ष्म पेशी असतात, आणि त्यांचे तंतू सरळ मेंदूच्या अग्रभागीं असलेल्या घ्राणकंदापर्यंत जातात.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. आपण हवेंत राहतों; म्हणून जो पदार्थ हवेंत उडतो त्याचाच वास आपणांस येतो. हिंगाची फोडणी माजघरांत पडली तर ओटीवर कळतें. मीठ व साखर नाकाशीं धरलीं तरी वास येत नाहीं, कारण तीं उडत नाहींत. माशाच्या बाबतींत पदार्थ उडावा लागत नाहीं, तो पाण्यांत विरघळला म्हणजे झालें. म्हणून आपणांस ज्यांचा वास जवळजवळ येत नाहीं अशीं द्रव्यें माशाला तीव्रतेनें जाणवतात. अमिनो आम्लें हीं त्यांत मुख्य. डाळ, दूध, मांस यांतील प्रथिनें ज्यांच्या जोडणीनें बनतात तींच हीं. त्यांच्यावरून माशाला अन्नाचा सुगावा लागतो. दुसरा वर्ग पित्तांतील क्षारांचा. तिसरा माशांच्या शरीरांत उत्पन्न होणाऱ्या संप्रेरकांचा. सोनेरी माशाची मादी अंडीं घालण्याच्या सुमारास एक संप्रेरक पाण्यांत सोडते. त्याचा एक ग्रॅम सुमारें ३०० कोटि लिटर पाण्यांत मिसळला, तरी नराच्या नाकास तो कळूं शकतो. सबंध तलावांत चिमूटभर!

कांहीं माशांना नाकाच्या जोडीला रसनेंद्रियाचीहि विलक्षण देणगी आहे. मागुरासारख्या मिशावाल्या माशांच्या मिशांवर, किंबहुना सर्वांगावर, चव ओळखणारे सूक्ष्म अंकुर असतात. गढूळ पाण्यांत, रात्रीच्या अंधारांत, डोळ्यांचा उपयोग नसतां हे मासे भक्ष्य शोधतात तें ह्यांच्याच बळावर. सबंध शरीरच जिव्हा झालें आहे असें म्हटलें तरी चालेल.

आतां त्या जखमी माशाची कथा. कार्ल फॉन फ्रिश हे म्युनिक येथें प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. मधमाशा नृत्य करून फुलांचा ठावठिकाणा एकमेकींस सांगतात, हा शोध त्यांचाच. त्यासाठीं १९७३ सालीं त्यांना दुसऱ्या दोघां शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. ऑस्ट्रियांतील एका सरोवराच्या कांठीं त्यांच्या कुटुंबाचें उन्हाळ्याचें घर होतें. तेथें ते मिनो नांवाच्या बोटभर माशांना कांठाशीं अन्न घालून त्यांचा अभ्यास करीत. एकदां एक मासा कळपांत ओळखूं यावा म्हणून त्यांनीं त्याच्या शेपटीजवळची एक शीर तोडली, म्हणजे तेवढा भाग काळा पडतो. तो मासा पुन्हा पाण्यांत सोडतांच विलक्षण प्रकार घडला. जे मासे रोज निर्धास्तपणें हातांजवळ येत, ते एकदम बिथरले, एकत्र गोळा झाले आणि खोल पाण्यांत पसार झाले.

दुसरा एखादा हा योगायोग म्हणून सोडून देता. फ्रिश यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं माशाच्या त्वचेचे बारीक तुकडे करून पाण्यांत कालविले आणि तें पाणी नळीवाटे मासे जेथें खात होते तेथें सोडलें. परिणाम तोच! त्वचेऐवजीं आंतल्या मांसाचें पाणी सोडलें तर तो फारच थोडा. ज्या माशांचे घ्राणतंतू तोडले होते ते त्वचेच्या पाण्यानेंहि भ्याले नाहींत. सारांश, भयाची वार्ता डोळ्यांनीं किंवा कानांनीं नव्हे, तर नाकानें पोहोंचत होती. त्वचेंतील ह्या द्रव्यास त्यांनीं जर्मन भाषेंत जें नांव दिलें त्याचा अर्थ 'भीतिद्रव्य' असा होतो.

पुढील संशोधनानें पुष्कळ गोष्टी उलगडल्या. मिनो, कार्प, रोहू वगैरे ज्या मोठ्या गटांत मोडतात, त्यांतील बहुतेकांच्या त्वचेंत ह्या द्रव्याच्या विशिष्ट पेशी असतात. त्यांना बाहेर उघडणारी नळी नाहीं. म्हणून मासा नुसता घाबरला तर द्रव्य बाहेर पडत नाहीं. कातडी फाटली पाहिजे. अर्थात् ही वार्ता खोटी असूं शकत नाहीं. ती पाण्यांत आली म्हणजे कोणाच्या तरी अंगास दांत लागला हें निश्चित. अमेरिकेंतील फॅटहेड मिनो नांवाच्या माशावर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, त्याची केवळ एक चौरस सेंटिमीटर त्वचा ५८,००० लिटरांहून अधिक पाणी भयसूचक करूं शकते. ह्याच जातीचा नर विणीच्या हंगामांत घरट्याची जागा अंग घासून साफ करतो. त्या काळापुरत्या त्याच्या त्वचेंतील ह्या पेशी नाहींशा होतात. नाहींतर अंग खरचटून तो स्वतःच्याच घरीं भयाची दवंडी पिटता!

येथें सहज शंका येते कीं, मरणाऱ्या माशाला इतरांना सावध करून काय लाभ? ही परोपकाराची बुद्धि म्हणावी काय? तसें म्हणावयाचा मोह आम्हांलाहि झाला. परंतु ह्या पेशी मुळांत रोगजंतु व परोपजीवी किडे यांपासून त्वचेचें रक्षण करण्यास उपयोगी पडतात असें मानण्यास आधार मिळाला आहे. तेव्हां मरणारा शंख फुंकीत नसतो. जवळचे ऐकणारे शहाणे झालेले असतात, इतकेंच.

आणि ते एकदांच शिकून शहाणे होतात. पाईक नांवाचा शिकारी मासा ज्यांनीं कधीं पाहिला नाहीं अशा मिनोंना त्याचा वास दिला तर ते स्वस्थ असतात. परंतु तो वास व भीतिद्रव्य हीं दोन्हीं एकाच वेळीं एकदां दिलीं, कीं पुढें नुसत्या पाईकच्या वासानें ते लपतात. धूर पाहून अग्नि ओळखावा तसें हें त्यांचें अनुमान. आणि व्याप्तिग्रह केवळ एका अनुभवानें! आमच्या विद्यार्थ्यांना एक सूत्र दहा वेळां सांगावें लागे.

ह्या विषयांत भारतालाहि एक स्थान आहे. अंगावर निळे पट्टे असलेला झेब्रा मासा आतां जगांतील प्रयोगशाळांतून पाळला जातो; तो मूळचा आमच्या उपखंडांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथांत १८२२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. सिंगापूर येथील संशोधकांनीं २०१२ सालीं ह्याच माशावर प्रयोग करून दाखविलें कीं, त्याच्या त्वचेंतील कॉन्ड्रॉइटिन नांवाच्या द्रव्याचे तुकडे भय उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांपैकीं आहेत. ह्या माशाचीं पिलें आपल्या भावंडांना वासावरून ओळखतात, आणि ती ओळख पटते अंड्याचें फलन झाल्यापासून सहाव्या दिवशीं. तो दिवस भावंडांच्या वासावांचून गेला, तर पुढें ती ओळख होत नाहीं. आमच्या घरांतील वडील बायकांना हें आम्हीं सांगितलें तेव्हां त्यांना मुळींच नवल वाटलें नाहीं. सहाव्या दिवशीं सटवाई येऊन कपाळीं लिहून जाते, हें त्यांना आधींच ठाऊक होतें!

भयाप्रमाणेंच घराची ओढहि वासानेंच. सामन मासा ओढ्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यास पुन्हा त्याच ओढ्यांत येतो. शेंकडों मैलांवरून आलेल्या माशाला नदीच्या अनेक फांट्यांतून आपला फांटा कसा सांपडतो? अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर हॅसलर यांना ह्याचें उत्तर सुचलें तें १९४६ सालीं यूटा प्रांतांतील आपल्या बालपणच्या डोंगरांत फिरतांना. पुढें एक धबधबा होता, पण दिसत नव्हता. शेवाळाचा व रानफुलांचा गंध घेऊन वाऱ्याची झुळूक आली, आणि लहानपणींच्या विसरलेल्या आठवणी एकदम जाग्या झाल्या. त्यांच्या मनांत आलें कीं, माशालाहि असेंच होत असेल काय? पुढें त्यांनीं व त्यांचे सहकारी विस्बी यांनीं वॉशिंग्टन राज्यांतील एका ओढ्याच्या दोन फांट्यांत शिरलेले सामन धरले, निम्म्यांचीं नाकें कापसाच्या बोळ्यांनीं बंद केलीं, आणि सर्वांना संगमाच्या खालीं सोडलें. नाक उघडें असलेले बहुतेक आपापल्या फांट्यांत गेले. बोळेवाले वाट चुकले. माहेरच्या मातीचा वास म्हणतात तो त्यांच्या बाबतींत अलंकार नव्हे, वस्तुस्थिति आहे.

येथपर्यंतची कथा कौतुकाची झाली. ह्यापुढें जें सांगावयाचें तें मात्र चिंतेचें आहे. आणि तें सांगावें म्हणूनच एवढा प्रपंच.

माशाच्या गंधपेशी वाहत्या पाण्यांत उघड्या असतात. आपल्या मज्जातंतूंना त्वचेचें कवच आहे. ह्यांना तें असून चालत नाहीं, कारण पाण्याचा स्पर्श झाल्यावांचून वास कळावयाचा नाहीं. म्हणून पाण्यांत जें विरघळेल तें प्रथम त्यांनाच लागतें. तांबें घ्या. ताम्रपात्रांतील पाणी आपण पवित्र मानतों, आणि पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें २ मिलिग्रॅमपर्यंत तांबें असल्यास मनुष्याला हरकत नाहीं असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु सामनच्या पिलांना ह्याच्या सहस्रांश, म्हणजे लिटरमागें २ मायक्रोग्रॅम तांबें असलेल्या पाण्यांत केवळ तीन तास ठेवलें, तर भीतिद्रव्याला मिळणारा त्यांचा प्रतिसाद मंदावतो, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत आढळलें. (सामन मिनोच्या कुळांतला नव्हे, तथापि आपल्या जातीच्या जखमी त्वचेचा वास त्यालाहि कळतो.) तांब्यानें असें नाक बधिर झालेलीं पिलें शिकारी माशाच्या तोंडीं अधिक सहज सांपडतात, असें २०१२ सालच्या प्रयोगांनीं दाखविलें. पाण्याच्या स्वरूपाप्रमाणें हें प्रमाण कमीअधिक होतें, हें खरें. तथापि दिशा स्पष्ट आहे. तिकडील ओढ्यांत हें तांबें पुष्कळसें मोटारींच्या ब्रेकच्या झिजेंतून पावसाबरोबर येतें, हें ध्यानांत आल्यावर वॉशिंग्टन राज्यानें २०१० सालीं ब्रेकमधील तांबें कमी करण्याचा कायदाच केला.

साबणाचीहि गोष्ट तीच. कपडे धुण्याचीं कृत्रिम द्रव्यें दहा लाख भागांत अर्धा भाग इतकीं असलीं, तरी मिशावाल्या माशांचे चव घेणारे अंकुर झिजूं लागतात, असें १९६५ सालींच प्रसिद्ध झालें आहे. असें पाणी आपल्या डोळ्यांना स्वच्छ दिसतें, मासाहि मरत नाहीं. तो पोहतांना दिसतो म्हणून आपण निश्चिंत असतों. परंतु त्याला भय कळत नाहीं, अन्न सांपडत नाहीं, सोबती ओळखूं येत नाहीं. जिवंत असून तो आपल्या जगांतून उठलेला असतो. निर्मळ दिसणारें पाणी निर्मळ असतेंच असें नाहीं. आणि मेलेला मासा तरंगूं लागेपर्यंत वाट पाहणें हें पाणी पारखण्याचें फार उशिराचें माप होय.

आशेला जागा आहे ती अशी कीं, माशाच्या गंधपेशी नव्यानें उगवूं शकतात. पाणी शुद्ध झालें, आणि इजा फार खोल गेली नसली, तर कालांतरानें घ्राणशक्ति परत येऊं शकते. म्हणून आपल्या हातून होण्याजोगें तेवढें करावें. द्राक्षबागांवर मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण फवारतात. त्याचें किंवा कोणत्याहि कीटकनाशकाचें भांडें ओढ्यांत खळबळूं नये. धुणें नदीच्या धारेंत धुऊं नये. उरलेला रंग, जुनीं औषधें मोरींत ओतूं नयेत. घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालून पुण्य जोडणाऱ्यांनीं तर त्याच घाटावर साबणाचा फेस सोडतांना क्षणभर थांबावें.

शेवटीं आमच्या न्यायशास्त्राविषयीं. शास्त्र चुकलें नव्हतें. पाण्याचा स्वतःचा गंध नाहीं, त्यांत मिसळलेल्या द्रव्यांचा असतो, हेंच तर वर सांगितलें. चुकलें तें आमचें अनुमान. पाण्याला स्वतःचा गंध नाहीं म्हणून पाण्यांतल्याला वास नाहीं, हा शुद्ध हेत्वाभास होता. आणि जन्मभर डोहावर बसलेल्या माणसाचें आप्तवाक्य समोर असतां आम्हीं तें हंसून उडविलें. तो मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत असेल. तो कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि हा अंक त्याच्या हातीं पडेल असेंहि नाहीं. तथापि चूक चारचौघांसमक्ष झाली होती, तेव्हां तिची कबुलीहि चारचौघांसमक्षच द्यावी, म्हणून ही येथें दिली आहे. वर्गांत कोणी मूल असा एखादा प्रश्न घेऊन उभें राहिल्यास आमच्या शिक्षकबंधूंनीं व भगिनींनीं त्याला खालीं बसविण्यापूर्वीं निदान इतकें विचारावें: "बाळ, हें तुझ्या आजोबांनीं कसें पाहिलें, तें सांग."